पाना कुणाच्या हातात?

आमच्याकडच्या पेपरात वर्षातून दोन-तीनदा तरी एक ठरलेली बातमी येते. अमुक वाडीच्या तरुणानं फवारणी पंपाचं इंजिन सायकलला बसवून घरच्या घरी मोटारसायकल तयार केली. सोबत फोटो. मध्ये पोरगा, दोन्ही बाजूंना मित्र, मागे हार घेऊन उभे असलेले सरपंच. मी या बातम्या आवडीनं वाचते. पोरांची हुशारी खरीच असते, आणि इंजिनिअरिंग कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या मुलांनी काही घडवलं तर त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण अलीकडे ती बातमी वाचताना मला दोन प्रश्न पडतात. त्या पाच-सहा महिन्यांत त्याच्या भाकऱ्या कोण थापत होतं? आणि त्याच्या घरात बहीण असेल तर ती शाळेत कशी जाते?

हे प्रश्न पडायचं कारण म्हणजे अशी एक सायकल मीही घरी जोडली. तिची बातमी आली नाही. आली नाही ते बरंच झालं, कारण निम्म्या गावाची अजूनही समजूत आहे की ती माझ्या नवऱ्यानं केली.

सुरुवात काही हौसेनं झालेली नव्हती. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. संपाच्या मागण्यांबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही, कामगारांच्या बाजूनं आपण उभ्या होतोच. पण सांगोल्याकडच्या वाड्यावस्त्यांवर त्या सहा महिन्यांत काय झालं, ते मी रोज पाहत होते. पुरुष मोटारसायकलवर निघून जायचे. बायका चालत, नाहीतर वडापच्या जीपमध्ये मांडीवर मांडी टाकून, नाहीतर घरीच. माझं काम अकरा किलोमीटरवरच्या दोन वस्त्यांवर. बचत गटाच्या बैठका, एक कौटुंबिक सल्ला केंद्र, त्यात मारहाणीच्या केसेस. त्या केसेस संप मिटायची वाट बघत नाहीत. संस्थेचा प्रवासभत्ता एसटीच्या तिकिटाइतका, पेट्रोल शंभराच्या वर गेलेलं. विजेवरची स्कूटर घ्यायची तर लाखाच्या आसपासचा मामला. घरात माझी कॉलेजातली लेडीज सायकल मात्र धूळ खात पडली होती. जाताना सायकलवर अकरा किलोमीटर जमायचे. परत येताना उन्हात, चढावर आणि समोरच्या वाऱ्यात जीव मेटाकुटीला यायचा. मग कुणीतरी सांगितलं की चाकातच बसणारी विजेची मोटर मिळते, सायकल तीच राहते. बचत गटातून सहा हजारांचं कर्ज काढलं, दहा माझे घातले आणि २०२२ च्या फेब्रुवारीत खोकं घरी आलं.

ते खोकं उघडलं त्या रात्री मला पहिल्यांदा एक गोष्ट लख्ख कळली. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत ‘सक्षमीकरण’ हा शब्द मी किती पेपरांत किती वेळा लिहिला असेल, पण त्या दोन वर्षांत माझ्या हातात कुणी एकदाही पाना दिला नव्हता. चळवळीनंही दिला नाही. आपण शिबिरांत कायदा शिकवतो, शरीराची ओळख करून देतो, गाणी म्हणतो, सायकल फेऱ्याही काढतो. पण फेरीत एखादीची चेन उतरली की नजर कुणाला शोधते? टेम्पोच्या ड्रायव्हरला.

आता थोडं यंत्राविषयी. ज्यांना यात रस नाही त्यांनीही हे वाचावं, कारण माझा मुद्दा याच तपशिलात आहे.

खोक्यात मागचं अख्खं चाक होतं, त्याच्या मध्यावर ताटलीएवढी मोटर. शिवाय कंट्रोलर नावाचा डबा, वेग कमी-जास्त करायची मूठ, ब्रेकचे दोन हात आणि वायरींचा गुंता. बॅटरी वेगळी घ्यायची होती. लिथियमची हलकी असते, पण महाग. ती नीट जुळवलेली आणि राखलेली नसेल तर पेट घेते. याच काळात, २०२२ च्या मार्चमध्ये, तमिळनाडूत वेल्लोरला घरी चार्जिंगला लावलेल्या विजेच्या स्कूटरला आग लागून बाप-लेक गेल्याची बातमी आली. आमचं घर दोन खोल्यांचं. बॅटरी जिथं चार्ज होणार त्याच खोलीत मूल झोपणार. मी लिथियमचा विचार सोडला आणि बारा व्होल्टच्या तीन जुन्या पद्धतीच्या शिशाच्या बॅटऱ्या घेतल्या. तिन्ही मिळून बारा किलो वजन. पण त्या कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतात आणि मेल्यावर मोडीत परत घेतात. त्या पूर्ण रिकाम्या केल्या तर लवकर खराब होतात, म्हणून मी पायानं साथ देत अठरा-वीस किलोमीटरच्या पुढे ओढत नाही. जाण्यायेण्याचा पल्ला त्याहून थोडा जास्त पडतो, तेव्हा दुपारी वस्तीवरच्या अंगणवाडीत तासभर चार्जर लावते. पूर्ण चार्जिंगला विजेचं अर्धं युनिट, फार तर थोडं जास्त लागतं.

चाक बसवायला घेतलं आणि घोडं अडलं. मोटरचा आस जाड, सायकलच्या मागच्या खाचा अरुंद. कानशीनं घासून खाच रुंद करायची. पुरुषाला हे एका रविवारचं काम. मला चार रात्री लागल्या. कारण माझा रविवार रविवार नसतो, आणि माझं ‘घरी’ रात्री साडेनऊला, भांडी पालथी घातल्यावर सुरू होतं. घरी बसून काहीतरी बनवणं ज्याला म्हणतात त्याला तीन गोष्टी लागतात: मोकळा वेळ, एक कोपरा आणि पसारा तसाच ठेवून उठण्याची मुभा. तिसरी सगळ्यात महाग. माझे नट-बोल्ट रोज रात्री ताटात गोळा करून फळीवर ठेवावे लागायचे, कारण पहाटे त्याच ओसरीत पाणी भरायचं असायचं. पोरं-पुरुष जे घरी बनवतात, त्यांचा पसारा आठवडाभर ओलांडून कुणीतरी झाडत असतं. काम पाच महिने चाललं, त्यातले निदान दोन निव्वळ आवराआवरीत गेले असतील.

चौथ्या रात्री कंटाळून मी कानस जरा जोरात चालवली आणि खाच हवी त्यापेक्षा रुंद झाली. म्हटलं, नट घट्ट आवळला की झालं. त्याचा हिशेब पुढे मिळाला. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तिचा आस तेवढ्याच जोरानं मागे फिरू पाहतो, आणि त्याला धरून ठेवतात त्या खाचेच्या दोन कडा. कडा सैल असल्या तर नट कितीही आवळा. पहिल्याच चढावर खाडकन आवाज आला, आस फिरला, त्यातून जाणाऱ्या वायरींना पीळ बसला आणि मोटर बंद. मी पडले नाही, कारण चाक मागचं होतं. पुढच्या चाकात मोटर असती तर चाक निसटून मी तोंडावर आपटले असते. जी कुणी हे करायला घेईल तिनं ही ओळ दोनदा वाचावी.

उपाय साधा. पाच-सहा मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी, तिला आसाच्या मापाचं चपट्या बाजूंचं भोक, आणि तिचं दुसरं टोक सायकलच्या चौकटीला पक्कं बांधलेलं. ती करून घ्यायला मी तालुक्याच्या एका लेथवाल्याकडे गेले. हातात माप, कागदावर आकृती. त्यानं आकृती पाहिली, मग माझ्या मागे पाहिलं. “मॅडम, साहेबांना पाठवून द्या. त्यांना समजावून सांगतो.” मी म्हटलं, साहेबांना यातलं काही कळत नाही, मला सांगा. तो हसला. दुसऱ्या दिवशी नवरा सोबत आला तेव्हा लेथवाला सगळं त्याच्याकडे बघून बोलला, नवरा माझ्याकडे बघत राहिला, आणि उत्तरं मी दिली. असं त्रिकोणी संभाषण आपण डॉक्टरकडे, बँकेत, तहसीलमध्ये कितीदा केलंय! पट्टी मात्र त्यानं सुरेख करून दिली. त्याच्या हाताला नाव ठेवायची माझी छाती नाही.

ब्रेकचं प्रकरण निराळं. जुन्या घडणीच्या लेडीज सायकलींना सळईचे ब्रेक असतात, त्यांचं रबर रिमच्या आतल्या बाजूला घासतं. नव्या चाकाची रिम वेगळी, तिला बाजूनं धरणारे केबलचे ब्रेक लागतात. शिवाय खोक्यातल्या ब्रेकच्या हातात एक स्विच असतो. ब्रेक दाबला की मोटरचा वीजपुरवठा तुटतो. तो स्विच नसेल तर तुम्ही थांबवताय आणि मोटर ढकलतेय, अशी ओढाताण होते. हे सगळं बदलायला हजार-बाराशे जास्त गेले. पैसे वाचवण्यासाठी पोरं हाच भाग सोडून देतात. आपण सोडू नये.

मग वायरी. मोटरमधून तीन जाड आणि पाच बारीक वायरी येतात. त्यांचे रंग कंट्रोलरच्या रंगांशी जुळायला हवेत. तुटलेल्या वायरी जोडताना माझी एक जोडी उलटी लागली. मूठ फिरवली तर मोटर थरथरली, गुरगुरली, फिरेना. मला रडू आलं. त्या वेळी बॅटरीचा प्रकाश धरून माझ्या सासूबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “रडतीस काय, एकेक सोडव आन् एकेक लाव. इंजिनाचं बी आसंच आसतंय.”

कुठलं इंजिन, मी विचारलं. तेव्हा बारा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मला कळलं की सासूबाई विहिरीवरचं ऑईल इंजिन चालवायच्या. हँडल मारून, गडगडत चालू होणारं ते यंत्र. सासरे पंढरीला नाहीतर बाजाराला गेले की पिकाला पाणी थांबून चालत नसे. मग या हँडल मारायच्या, डिझेलच्या नळीत हवा धरली तर नट सैल करून ती काढायच्या, पट्टा उतरला तर चढवायच्या. घट्ट न बसणारा नट आधी अर्धा आटा उलटा फिरवायचा म्हणजे आटे एकमेकांना सापडतात, हेही त्यांनीच मला दाखवलं. इतक्या वर्षांत हे कधी बोलण्यात आलं नाही, कारण कुणाच्याच लेखी ते ‘येणं’ नव्हतं. ते ‘घरात करावं लागतं’ या खात्यात जमा होतं.

त्यानंतर मी गटाच्या बैठकीत मुद्दाम विचारायला लागले. रॉकेलच्या स्टोव्हचा पंप उघडून कातडी वायसर तेल लावून कुणी बसवलाय? निम्म्या हात वर. बर्नर खोलून पिन मारणं? चाळिशीच्या पुढच्या सगळ्या. शिलाई मशीनचा धागा तुटतो तेव्हा खालची पेटी काढून स्क्रू कमी-जास्त करणं? मिक्सरचं भांडं अडकलं, गिरणीचा पट्टा घसरला? याला कुणी मेकॅनिकी म्हटलं नाही. तेच हात, तोच स्क्रू, पण उंबऱ्याच्या आत असलं की घरकाम आणि उंबऱ्याबाहेर गेलं की कारागिरी. श्रमविभागणीवर आपण इतकी पुस्तकं वाचतो, आणि हा हिशेब माझ्या घरात हातात दिवा धरून बसला होता.

आता थोडं मागे जाते. मोटर लावलेली सायकल बाईला नवी नाही. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना १९७२ मध्ये आली, ती दुसरं काय होती? पन्नास सीसीचं इंजिन आणि पॅडल. पेट्रोल संपलं तर पाय मारत घरी या. शिक्षिका, नर्सबाई, टायपिस्ट, विम्याच्या एजंट, कितीतरी जणींनी नवऱ्याच्या मागची सीट सोडली ती लूनावर. माझी मावशी पंढरपूरला नर्स होती. तिच्या पर्समध्ये रुमाल, शिट्टी आणि प्लगचा पाना असायचा. लूनात पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागे, त्यामुळे प्लगवर काजळी धरायची आणि गाडी रस्त्यात बंद पडायची. मावशी पदर खोचून प्लग काढायची, पॉलिश पेपरनं घासायची, फुंकर मारून बसवायची. आजूबाजूला जमलेल्या बाप्यांना तोंड उघडायला ती वेळच द्यायची नाही.

मग १९८४ मध्ये गिअर नसलेली, बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली, पुढे नव्वदच्या दशकात स्कूटी. साडी सांभाळून किक मारायचा त्रास गेला. हे चांगलंच झालं, त्या किकच्या आठवणी काढून उसासे टाकणाऱ्यांतली मी नाही. पण त्याबरोबर आणखी एक घडलं. बाईसाठी म्हणून जी गाडी आली ती सगळीकडून झाकलेली आली. आतलं काही दिसू नये, हात लागू नये. चालवणं सोपं होत गेलं तसतसं यंत्र बाईच्या हातापासून लांब गेलं. मावशीची मुलगी चांगली ॲक्टिव्हा चालवते, पण तिला स्टेपनी कुठे असते ते माहीत नव्हतं. (त्या गाडीला स्टेपनी नसतेच, हे मलाही नंतर कळलं.)

सायकल वाटपाच्या योजनांचंही असंच आहे. बिहारनं २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेतल्या मुलींची नोंदणी सुमारे तीस टक्क्यांनी वाढलेली आढळली. केवढी मोठी गोष्ट आहे ही! आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात, त्याचाही उपयोग मी डोळ्यांनी पाहिलाय. पण कुठल्याच वाटपात सायकलीबरोबर पंप, पाना, पंक्चरचं सामान आणि ते वापरायचा एक तास मिळालेला मी पाहिलेला नाही. पहिलं पंक्चर होतं, पंक्चरवाला लांब, बाबांना वेळ नाही. सायकल भिंतीला टेकते. मग भाऊ ती दुरुस्त करून आणतो, आणि दुरुस्त करणाऱ्याची ती होते. मुलगी पुन्हा पायी.

पुदुक्कोट्टईची आठवण इथे काढायलाच हवी. १९९०-९१ च्या सुमारास तमिळनाडूतल्या या जिल्ह्यात साक्षरता चळवळीनं सायकल शिकणं हा अक्षर शिकण्याइतकाच मोठा कार्यक्रम केला. शीला राणी चुंकत तेव्हा तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया हजारोंनी सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं तेव्हा एक बारकी गोष्ट नोंदवली. लेडीज सायकली संपल्या तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण दांड्यावर मूल बसवता येतं. वस्तू कशी असावी हे वापरणारीनं ठरवलं. मला यातलं हे सगळ्यात जास्त आवडतं.

माझ्या सायकलीवर संस्थेतल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीनं घेतलेला आक्षेप मी लपवणार नाही. ती म्हणाली, “तू हे जे केलंस ते म्हणजे सरकारची जबाबदारी स्वतःच्या कॅरिअरवर बांधून घेणं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, पण संपानंतर तुझ्या वस्तीची दुपारची गाडी परत सुरू झाली का? नाही ना? मग अर्ध्या तिकिटाचं करायचं काय? मोर्चा त्यासाठी काढायचा की प्रत्येकीनं कर्ज काढून मोटर बसवायची?” हे मला खोडून काढता येत नाही. सत्तर वर्षांची म्हातारी, नववा महिना लागलेली बाई माझ्या सायकलीवर बसणार नाही. गाडी हवी ती एसटीचीच, आणि त्यासाठी निवेदनं देणं आम्ही सोडलेलं नाही. मी एवढंच म्हणेन की निवेदन घेऊन डेपोला जायलाही काहीतरी लागतं.

कायद्याचंही सांगायला हवं, नाहीतर माझं वाचून कुणी अडचणीत यायची. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे बॅटरीवरच्या वाहनाची मोटर पाव किलोवॅटच्या आतली, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर ते मोटार वाहन धरत नाहीत. म्हणजे लायसन्स नको, नंबर नको. पण त्याच नियमात चाचणी संस्थेच्या मान्यतेची अट आहे. ती कारखानदाराला मिळते, ओसरीवर जोडलेल्या सायकलीला ती कुणाकडून आणायची? माझी मोटर २५० वॅटची, म्हणजे ऐन रेघेवर. वेग मी कंट्रोलरमधूनच बांधून घेतलाय. पेट्रोलचं इंजिन लावायचं असेल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २५ सीसीपर्यंतची सूट आहे, त्याच्यावर गेलं की नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं. आजवर मला कुणी अडवलं नाही. बाई सायकलवर चाललीय, एवढंच पोलिसाला दिसतं. त्या न दिसण्याचा फायदा मी घेते, पण ते मला टोचतंही. फवारणी पंपवाल्या पोराचा हार आणि माझं अदृश्य असणं एकाच ठिकाणाहून येतं.

आता शेवटची गोष्ट. ती सांगू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. जिची आहे तिला विचारून सांगते आहे.

२०२३ मध्ये आमच्या भागातल्या एका आशाताईनं विचारलं, “ताई, माझ्या सायकलीला पण बसंल का ओ?” तिला वस्त्या फिरायच्या, रात्री-अपरात्री बाळंतपणाला जायचं, आणि मोबदला कामावर. आम्ही दोघींनी मिळून तिची सायकल जोडली. मी या वेळी हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. कानस तिनं चालवली, वायरी तिनं जोडल्या. दहा दिवसांत झालं. पंधरा दिवस ती खुशीत होती. मग तिच्या मालकांनी दूध डेअरीला घालायला सायकल न्यायला सुरुवात केली. आधी सकाळी, मग संध्याकाळी, मग दिवसभर. बॅटरी रोज तळाला. तिनं सांगून पाहिलं. “घरातली सायकल हाय, तुझ्या बापाची हाय का?”

एके दिवशी सायकल चालू होईना. मालकांनी मूठ पिरगाळून पाहिली, वायरी हलवल्या, गावातल्या मोटारसायकलवाल्याला बोलावलं. काही समजेना. आशाताई आली, पर्समधून काहीतरी काढलं, सीटखाली हात घातला आणि सायकल चालवत निघून गेली. ती बॅटरीचा फ्यूज काढून नेत होती. मला तिनं हे सांगितलं तेव्हा मी इतकी हसले, इतक्या जणींना हा किस्सा सांगितला! बैठकीत टाळ्याही घेतल्या.

चौथ्या दिवशी मालकांना युक्ती कळली आणि त्या रात्री तिनं मार खाल्ला. मी ज्या सल्ला केंद्रात काम करते तिथे माझ्याच समोर ती येऊन बसली, गालावर वळ घेऊन. टाळ्या मी घेतल्या होत्या आणि वळ तिच्या गालावर होता. यावर मला अजूनही नीट उत्तर सापडलेलं नाही. गटाच्या सात-आठ जणी तिच्या घरी गेल्या. बोलणं झालं, तक्रार नोंदवायची तिची तयारी होती आणि तसं मालकांना स्पष्ट सांगितलं गेलं. ठरलं ते असं: सकाळी सातपर्यंत दूध, त्यानंतर सायकल तिची आणि फ्यूजही तिच्याकडे. मला हा समझोता पटला नाही. सायकल तिच्या पैशांची, तिच्या हातची, मग सातपर्यंत तरी का द्यायची? ती म्हणाली, “ताई, तुम्ही गेल्यावर मला त्या घरातच ऱ्हायचंय. आन् दुधाचं पैसं बी घरातच येत्यात.” ती आजही तीच सायकल चालवते. मागच्या महिन्यात तिनं बॅटऱ्या स्वतः बदलल्या, आणि जुन्या मोडीत घालताना दुकानदाराशी पन्नास रुपयांसाठी भांडली.

येत्या विभागीय शिबिराच्या मैत्रिणींना माझी एक मागणी आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर जी सगळ्यांची डुलक्यांची वेळ असते आणि आपण तिथे व्याख्यान ठेवतो, ते अडीच तास आम्हाला द्या. फळा नको, माईक नको. चार जुन्या सायकली, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, पंक्चरचं सोल्युशन, दोन-तीन मापांचे पाने, एक पक्कड आणि खाली अंथरायला जुन्या साड्या. माझी मोटरची सायकल मी टेम्पोत घालून आणते. आशाताई येणार आहे. सासूबाईही येतो म्हणाल्यात, फक्त त्यांना दुपारी चहा लागतो.